कागदाचा पळस

फाल्गुन सरत आला म्हणजे पळस फुलतो. झाडावर पान नसते. सगळी फांदी केशरी फुलांनी भरून जाते. लांबून पाहिले तर डोंगराला जाळ लागल्यासारखे वाटते. त्याच सुमारास पांगारा फुलतो, काटेसावर फुलते. पुढे बहावा पिवळ्या घोसांनी लवतो. शिमगा होतो आणि मग चैत्राचा पाडवा येतो. नवे वर्ष लागते. या दिवसांना आपण वसंत म्हणतो.

या दिवसांत घरातली लहान मुले जवळ घेऊन बसावे आणि त्यांच्या हातून कागदाचा वसंत करून घ्यावा, असा हा धडा आहे. खेळ साधा आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही. पण मुलाचे पुढचे लिहिणे याच खेळात दडलेले आहे. ते कसे, हे आधी पाहू. मग कृती पाहू.

बोटांना सवय हवी

आपण स्वतः लिहायला शिकलो तो दिवस आठवा. साक्षरता वर्गात पहिल्यांदा पेन्सिल धरली तेव्हा बोटे कशी आखडली होती! जो हात कोयता चालवतो, वल्हे मारतो, मणाचे ओझे उचलतो, तोच हात वीतभर पेन्सिलीपुढे अडला. अक्षर डोळ्यांना दिसत होते, पण बोटांतून उतरत नव्हते. रेघ वाकडी जात होती. कागद फाटत होता. घाम फुटत होता.

यात बुद्धीचा काही दोष नव्हता. त्या कामाची बोटांना सवय नव्हती, इतकेच. सवय झाली आणि अक्षर वळू लागले.

लहान मुलाचेही असेच असते. पेन्सिल धरायला तीन बोटे लागतात. अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट. या तीन बोटांत बळ आले पाहिजे. ती एकमेकांच्या मेळाने चालली पाहिजेत. डोळ्याने पाहावे तिथे बोट गेले पाहिजे. हे सारे पाटीवर अक्षर गिरवण्याआधी व्हायला हवे. तसे झाले नाही तर मूल लिहिताना लवकर दमते. मग लोक म्हणतात, "याला अभ्यास नको, हा आळशी आहे." मूल आळशी नसते. त्याची बोटे तयार नसतात.

पूर्वी आपल्या गावांत ही तयारी आपोआप होत असे. बेलापूर, घणसोली, दिवाळे, सारसोळे, करावे ही आपली खाडीकाठची गावे. भाताची शेती होती, मिठागरे होती. मुले चिखलाचे बैल करीत. शिंपल्या वेचीत. तांदळातले खडे काढायला आजीजवळ बसत. बाप जाळे विणू लागला की गाठ मारायला पोर शेजारी टेकत असे. 1970 साली सिडको स्थापन झाली. आपल्या जमिनी घेऊन नवे शहर वसवले गेले. गावे शहराच्या पोटात आली. आता कितीतरी मुलांना अंगण राहिले नाही. खोलीत बसायचे आणि मोबाइलच्या काचेवर एक बोट फिरवायचे, एवढेच काम हाताला उरते. काचेवर बोट फिरवून बोटात बळ येत नाही. म्हणून हाताला दुसरे काम द्यावे लागते. कागदाचे काम त्यासाठी फार सोयीचे आहे.

हे आधी कोणी ओळखले?

जर्मनी देशात फ्रोबेल नावाचे एक शिक्षक होऊन गेले. 1837 साली त्यांनी लहान मुलांसाठी एक खेळशाळा काढली. 1840 साली तिला त्यांनी 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याचा अर्थ मुलांची बाग. त्यांच्या शिक्षणात कागदाच्या घड्या घालणे, कागद कातरणे, कागदाच्या पट्ट्या विणणे ही कामे होती. हे फावल्या वेळाचे करमणुकीचे काम आहे असे ते मानीत नसत. ते शिक्षणच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे हे काम ताराबाई मोडक यांनी केले. त्यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. शहरातल्या बालशाळांत महागडी साधने असत. खेड्यात ती कुठून आणायची? तेव्हा या दोघींनी खडे, शिंपले, बिया, पाने, फुले हीच साधने केली. गरिबाची मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. 1957 साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. 1962 साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा मान दिला. आज आपल्या गावोगावी ज्या सरकारी अंगणवाड्या आहेत, त्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. नाव मात्र त्या जुन्या अंगणातलेच आहे.

कुठेही जा, पळसाला पाने तीनच. जर्मनीतले मूल काय, कोसबाडचे आदिवासी मूल काय आणि आपल्या दिवाळ्याचे मूल काय, हाताला काम मिळाले की ते रमते आणि शिकते.

सामान काय लागेल?

विकत आणायचे थोडे. घरातले गोळा करायचे जास्त. जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची उलटलेली पाने, मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके, उदबत्तीचे रिकामे पुडे, जुनी वर्तमानपत्रे. पत्रिकांत लाल, पिवळा, गुलाबी रंग भरपूर असतात. अगदी हवाच तर घोटीव कागदाचा एक लहान संच किंवा पतंगाचे दोन-चार कागद दुकानातून आणावेत.

चिकटवायला खळ घरी करावी. दोन मोठे चमचे मैदा घ्यावा. तो थोड्या गार पाण्यात कालवावा. गुठळी राहू देऊ नये. मग त्यात कपभर पाणी घालून मंद आंचेवर ठेवावा आणि सारखा ढवळावा. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली म्हणजे झाली. ती पूर्ण गार झाल्यावरच मुलांपुढे ठेवावी. चैत्रातल्या उन्हाळ्यात खळ लवकर आंबते, म्हणून एका-दोन दिवसांपुरतीच करावी. कीड लागू नये म्हणून काही लोक खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो मुळीच घालू नये. मोरचूद विष आहे आणि मुले बोटे तोंडात घालतात.

पांढऱ्या कागदाला रंग द्यायचा असेल तर हळद पाण्यात कालवून पिवळा करता येतो. बिटाच्या रसाने गुलाबी करता येतो. पळसाची पडलेली फुले पाण्यात उकळली तर केशरी रंग निघतो. शिमग्याला पूर्वी हाच रंग खेळत. हळदीत चुना घातला की तांबडा रंग होतो खरा, पण चुना डोळ्यात गेला तर इजा करतो. म्हणून मुलांच्या कामात चुना नको.

कातर मुलांना बोथट टोकाची द्यावी आणि तीही चार वर्षांनंतर, आपण शेजारी बसून. टाचण्या, सुया, टिकल्या, मणी फार लहान मुलांजवळ ठेवू नयेत. ते गिळले जातात.

पहिले काम : पळसाची फांदी

हे काम अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही जमते. मोठ्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर आपण कोळशाने एक निष्पर्ण फांदी काढावी. मुलाला लाल, केशरी कागद द्यावा आणि सांगावे, "फाड बरं याचे तुकडे." एरवी कागद फाडला की आपण रागावतो. आज फाडायचीच मुभा आहे म्हटल्यावर मूल किती खूश होते पाहा! पण नीट लक्ष द्या. फाडताना दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची बोटे कागद घट्ट धरतात. एक हात पुढे ओढतो, दुसरा मागे. हीच पेन्सिलीची पूर्वतयारी.

मग त्या तुकड्यांचे बोळे करायला सांगावे. एका बोटाने खळ लावून मूल ते बोळे फांदीवर चिकटवील. पळस फुलला! बोळा फांदीच्या बाहेर लागला तरी लागू द्यावा. पळसाची फुले जमिनीवरही पडतातच.

वर्तमानपत्र फाडायला दिले तर एक गंमत दाखवावी. वरून खाली उभे फाडले की पट्टी सरळ निघते. आडवे फाडले की वेडीवाकडी होते. कागदाला लाकडासारखेच उभे तंतू असतात. तंतूंच्या बाजूने तो सरळ फाटतो, तंतूंच्या आड फाटत नाही. लाकूड फोडणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. वर्तमानपत्राची शाई हाताला लागते, म्हणून काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

दुसरे काम : बारा महिन्यांची साखळी

हे काम चार वर्षांच्या पुढच्या मुलाचे. यात आपल्यालाही काम आहे.

रंगीत कागदाच्या बारा पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी दोन बोटे रुंद आणि एक वीत लांब असावी. आता तुम्ही स्वतः एकेका पट्टीवर एकेका महिन्याचे नाव लिहायचे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. घाई करू नका. जोडाक्षर नीट लिहा.

मग मुलाने पहिली पट्टी वाकवून तिची दोन टोके चिकटवायची. एक कडी झाली. दुसरी पट्टी त्या कडीतून ओवून चिकटवायची. अशी बारा कड्यांची साखळी होते. पाडव्याला ती दाराला लावावी. नंतर मुलाला एकेका कडीवर बोट ठेवायला सांगावे आणि आपण नाव वाचावे. चैत्रात पाडवा, श्रावणात नारळी पौर्णिमा, भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा. कोळीवाड्यातल्या मुलाला नारळी पौर्णिमा कोणत्या कडीवर आहे, हे दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही. सुमारे दर तीन वर्षांनी अधिक मास येतो. त्या वर्षी तेरावी कडी घालावी.

शाळेत न जाता मुलाला मोजणे आले, क्रम कळला, वर्ष कळले. आणि आपल्या आईला किंवा बापाला लिहिता येते, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले.

तिसरे काम : फुलपाखरू

एक चौकोनी कागद घ्यावा. लांबट कागदाचा चौकोन करायचा असेल तर एक कोपरा तिरपा दुमडून समोरच्या कडेला जुळवावा आणि उरलेली पट्टी कापून टाकावी. मुलाला विचारावे, "दुमडल्यावर काय दिसतंय? किती कोपरे?" तीन कोपरे म्हणजे त्रिकोण. उघडले की चार कोपरे, म्हणजे चौकोन. एका कागदात दोन्ही आहेत.

आता चौकोनी कागदाला एका बोटाच्या रुंदीच्या घड्या घालायच्या. एक पुढे, एक मागे, जशी लुगड्याची निरी घालतात तशी. प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखाने दाबून घ्यावी. सगळ्या घड्या झाल्या की मधोमध दोरा बांधावा आणि दोन्ही बाजूंच्या घड्या उलगडाव्यात. फुलपाखराचे पंख झाले. असे दोन रंगांचे दोन तुकडे एकत्र बांधले तर चार पंख होतात. खऱ्या फुलपाखरालाही चारच पंख असतात.

चौथे काम : खाडीवरचा रोहित

हिवाळा सुरू झाला की ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी येतात. त्यांना फ्लेमिंगो असेही म्हणतात. त्यातले पुष्कळसे गुजरातच्या बाजूने येतात. ऐरोली, नेरूळ या बाजूला वसंतात चिखलावर त्यांचे गुलाबी थवे बसलेले दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाला ते निघून जातात. 2015 साली ठाणे खाडीचा एक भाग या पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखून ठेवला आहे. 2022 साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव गेले.

मुलाचा पंजा गुलाबी कागदावर ठेवून आपण भोवती पेन्सिल फिरवावी. पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर त्याला त्या रेघेवरून कातरू द्यावे, लहान असेल तर आपण कातरावे. हा झाला रोहिताचा पंख. गुलाबी कागदाचे लांबट गोल अंग, पट्टीची वाकडी मान, काळ्या कागदाची खाली वळलेली चोच, झाडूच्या हिरांचे दोन लांब पाय. सगळे एका पुठ्ठ्यावर चिकटवावे. चिकटवता चिकटवता मुलाला सांगावे की, रोहिताचे पिल्लू करड्या रंगाचे असते. पाण्यातले बारीक शेवाळ आणि किडे खाऊन खाऊन त्याला गुलाबी रंग येतो. खाडी स्वच्छ राहिली तर त्याला चारा मिळतो. आपल्या दारचा हा पाहुणा आहे.

मोठ्या माणसांनी काय करावे?

हा या धड्याचा मुख्य भाग आहे.

आमच्या पाहण्यात एक प्रसंग आला. शाळेच्या प्रदर्शनाला एका मुलाने कागदाची फार सुंदर बाग आणली होती. झाडे, फुले, कुंपण, सगळे रेखीव. आम्ही मुलाला विचारले, "बाळ, हे झाड कसे केलेस?" मूल बापाच्या तोंडाकडे पाहू लागले. बाग बापाने केली होती. बक्षीस त्या बागेला मिळाले, पण मुलाला त्यातली एक घडीही घालता येत नव्हती. शेजारी एका मुलीचे वाकडेतिकडे फूल होते. ते कसे केले हे ती थांबल्याशिवाय सांगत होती. त्या दोघांत शिकले कोण, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट. मुलाचे काम मुलानेच करावे. आपण एकदा सावकाश करून दाखवावे आणि मग हात मागे घ्यावा. मुलाच्या हातातून कागद ओढून घेऊ नये.

दुसरी गोष्ट. "हे चुकले, ते वाकडे झाले," असे म्हणू नये. मुलाने निळा पळस केला तर करू द्यावा. मग त्याला घेऊन पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगराच्या बाजूला जावे आणि फुललेले झाड दाखवावे. डोळे त्याला खरा रंग शिकवतील.

तिसरी गोष्ट. रोज अर्धा तास पुरे. मूल कंटाळले की थांबावे.

चौथी गोष्ट. मुलगा-मुलगी असा भेद नको. कागद कातरणे मुलींचे काम, असे काही नाही. आणि मुलांना घेऊन बसणे हे फक्त आईचे काम, असेही नाही. जाळ्याची गाठ मारणाऱ्या बापाची बोटे या कामात फार तरबेज असतात.

पाचवी गोष्ट. काम संपले की कचरा मुलांनीच उचलावा. सजावटीत प्लॅस्टिक आणि थर्माकोल वापरू नये. 2018 साली आपल्या राज्याने एकदा वापरून फेकायच्या अशा वस्तूंवर बंदी आणली. कागद मातीत कुजून जातो. थर्माकोल नाल्यातून खाडीत जातो आणि तसाच राहतो.

शेवटचे काम

मुलाचे काम पुरे झाले म्हणजे कागद उलटा करावा. मागच्या बाजूला मुलाचे नाव लिहावे, तारीख घालावी आणि खाली आपली सही करावी. पुढच्या वर्षी पाडव्याला पुन्हा त्याच मुलाचा पंजा कागदावर ठेवून नवा रोहित करावा. दोन्ही पंजे शेजारी ठेवून पाहावेत. हात किती वाढला ते कळेल. दोन्ही वर्षांची आपली अक्षरेही पाहावीत. तीही सुधारलेली दिसतील.

ज्या घरात कालपर्यंत कागद समोर आला म्हणजे अंगठा पुढे होत होता, त्या घरात आज मुलाच्या चित्रामागे आईची सही आहे. मूल ती सही पाहते. थोड्या दिवसांनी ते विचारील, "आई, माझं नाव कुठे लिहिलंस? मला दाखव." तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल द्यावी. बोटे तयार झालेली असतील.

वाचा, विचार करा आणि लिहा

1. पेन्सिल धरायला कोणती तीन बोटे लागतात?
2. खळ कशी करतात? तिच्यात काय घालू नये? का?
3. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी काय वापरले?
4. वर्तमानपत्र उभे फाडून पाहा. मग आडवे फाडून पाहा. काय फरक दिसला?
5. मराठी बारा महिन्यांची नावे न पाहता लिहा. मग धड्यातली नावे पाहून ताडून घ्या.
6. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका मुलाबरोबर यातले एक काम करा. मुलाने काय केले, काय म्हटले, ते पाच ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.